काळ्या कापडावरची रुई

नाही, उत्तरेच्या खिडकीशीच बसा साहेब, रुई पाहायची तर तिथल्याच उजेडात — ऊन आलं की पिवळी रुईसुद्धा पांढरी दिसते, फसायला होतं. परदेशातल्या तुमच्या गिरणीनं आमच्या शंभर गाठी परत पाठवल्या, त्याचीच चौकशी ना? वाचलं मी पत्र. तंतू आखूड निघाले. आता महिनाभर जहाजात ओल लागली म्हटल्यावर — नाही, ओलीनं तंतू आखूड होत नाहीत, ते तुम्हालाही ठाऊक आहे, मी उगाच शेंडी लावतोय. कसंय, बाकीच्या देशांची रुई यंत्राचा दाखला घेऊन येते. आमच्याकडे यंत्र नाही, मी आहे. चिमूटभर रुई घ्यायची, बोटांनी ओढून ओढून तंतू सरळ करायचे, काळ्या कापडावर ठेवून लांबी मापायची आणि चिठ्ठीवर माझी सही. तीस वर्षं तुम्ही ती चिठ्ठी बघून माल घेतलात, गाठ न उघडता. जगाच्या बाजारात आमची पत ती तेवढीच. खाली साठ बाया रुईतला कचरा वेचतात ना, त्यांचं कामही तिच्यावरच.

हा हात? चार वर्षं झाली, अर्धांगाचा झटका आला होता. हलतो, पण बोटांना काही कळत नाही — चहा गरम आहे का गार, ते ओठ भाजल्यावर कळतं. मग चार वर्षं माल कसा — आता जिभेवर आलंच आहे तर ऐका. नमुने मी घरी न्यायचो. बायको ओढायची. आधी कुरकुरली, म्हणाली, घरात कामं कमी पडली का मला — पण शिकली, आणि माझ्यापेक्षा सरस निघाली हो. डोळे मिटून ओढायची. मी नुसता सही करायचो. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, एवढं एकदा म्हणायचं राहिलं. फार लागतं ते मनाला.

हिवाळ्यात गेली. तुमच्या शंभर गाठी त्यानंतरच्या पहिल्याच. सवयीनं नमुने घरी नेले, तिच्या खुर्चीसमोर ठेवले. सकाळी तसेच होते. मालकांना सांगायचा धीर झाला नाही, अंदाजानं लांबी लिहिली.

तेव्हा लिहा तुमच्या अहवालात — खोटा मी निघालो, रुई नाही. यंत्र आणायला सांगा, मला काढायला सांगा, पण माल घेत राहा, बायांचं काम तेवढं — अहो, ते नका. त्या कापडाला हात नका लावू. तिनं ओढलेला शेवटचा नमुना आहे तो, मापायचा राहिलाय. घरून डब्यात घालून जपत आणलाय, फुंकरीनंसुद्धा विस्कटतो.

या तुम्ही आता. आणि जाताना दार हळू लावा.