चौदा दिवस पाण्यात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक आदरणीय भगवानराव, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे इथं जमलो ते सत्कारमूर्ती रेवणप्पा बिराजदार म्हणजे तुमचे-आमचे अप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या नीलम्मावहिनी, आणि कारखान्यातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अप्पा आज गुणवत्ता विभागातून निवृत्त होत आहेत. उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी, देविदासनं, बसायचं असं मालकांनी आत्ताच जाहीर केलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या मी अजून घेतलेल्या नाहीत. का, ते सांगतो. जरा दम धरा.

आपण विजेचे सिमेंटचे खांब करतो. यंदा प्रमाणपत्रवाले साहेब आले आणि विचारलं, तुमच्या कोणत्या प्रक्रिया विशेष, म्हणजे आधीच सिद्ध करून ठेवाव्या लागतात? आम्ही अधिकारी मंडळींनी एकोणीस लिहून काढल्या. हो, उद्या बोट आपल्याकडं नको! अप्पांनी चष्मा लावला, लाल पेन घेतला आणि सोळा खोडल्या. तीन ठेवल्या: तारा ताणणं, काँक्रीट भरणं, आणि खांब चौदा दिवस पाण्यात ठेवणं.

साहेब म्हणाले, "बाकीच्यांचं काय?"

अप्पा म्हणाले, "लांबी टेपनं कळती, भोकं डोळ्याला दिसतेत. जे मोजता येतंय ते मोजा, सोंग कशाला? जे मोडल्याबिगर कळत न्हाई, ते आधी सिद्ध करा. अन् माणूस, माल, पाणी, काही बदललं की पुन्यांदा करा."

वहिनी, रागावू नका, अप्पांचा पुढचा दाखला तुमच्या स्वयंपाकघरातला होता. भाकरी करपली तर तव्यावरच दिसते. लोणचं बिघडलं ते श्रावणात कळतं, म्हणून बरणी आधी कोरडी करायची. साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं म्हणे.

पण अप्पांना ही अक्कल पुस्तकातून आली नाही. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावोगाव वीज न्यायची घाई होती, आणि त्यातच दुष्काळ पडला. मी तेव्हा उत्पादन बघत होतो. आपल्या विहिरीला पाणी होतं, बाकी शिवार कोरडं. वैशाखात एका सकाळी गावातल्या पारूबाई वीस-पंचवीस बायका घेऊन खांब बुडवायच्या हौदाशी आल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमचे खांब चौदा दिस पान्यात बसतेत, अन् आमची लेकरं कोरडी हायती. हे बरं हाय का?"

अप्पांनी मालकांना विचारून हौदाला जाणारं विहिरीचं पाणी त्यांना मोकळं करून दिलं. मला अभिमान वाटला. पुढच्याच वाक्याला तो उतरला. अप्पा म्हणाले, "आता खांब ओतायचे न्हाईत."

साठ माणसांचं पोट होतं हो त्यावर! मी भांडलो. ओली पोती टाकू, दिवसातून दोनदा शिंपडू, म्हणालो. अप्पा दोन दिवस कामानं नांदेडला गेले, तेवढ्यात मी खांब ओतले. नंतर कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "सिद्ध करून दाखव." सातव्या दिवशी मी त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे यंत्राखाली फोडले. पास! चांगले दणदणीत पास. अप्पा तेव्हा तीन-चार दिवस लातूरला होते. मी त्यांच्यासाठी थांबलो नाही. अजून दोन दिवसांनी अकरा खांबांचा ट्रक उदगीरच्या पुढं, देगलूर रस्त्याला पाठवून दिला.

अप्पा आले. अहवाल बघितला आणि विचारलं, "हा ठोकळा कुठं ठेवला होता?"

"प्रयोगशाळेत, टबात."

"पाण्यात?"

"हाव."

"अन् खांब?"

मंडळी, खांब उन्हात होते. पोती तासाभरात वाळत होती. मी ठोकळ्याला पाणी पाजलं होतं आणि खांबाला प्रमाणपत्र दिलं होतं. अप्पांनी तिथंच उरलेल्यातला एक खांब आडवा बांधून दोरानं ओढायला लावला. ज्या ओढीला तो नुसता वाकून परत सरळ व्हायला हवा, तिच्या निम्म्यालाच तडकला. अप्पांनी विचारलं, "यातले किती बाहेर गेले?"

मी म्हणालो, "एकही न्हाई."

होय, मी खोटं बोललो. मालक, तुम्ही हे आज पहिल्यांदा ऐकताय.

अप्पांनी गेटावरच्या मलप्पाला विचारून खरं काढलं. त्याला घेऊन पहिल्या एसटीनं गेले. दहा खांब रस्त्याकडेला पडून होते, त्यांच्यावर लाल फुली मारली. अकरावा उभा झाला होता आणि लाइनमन वर चढायला पट्टा बांधत होता. अप्पांनी त्याला थांबवलं, मलप्पाला बदली खांब आणायला परत पाठवलं आणि त्या खांबाला पाठ लावून खाली बसले. दुसऱ्या दिवशी मलप्पा जुन्या साठ्यातले, चांगले मुरलेले खांब घेऊन आला, तेव्हा उठले. वैशाखाचं ऊन, डोक्याला एक पंचा. तिथल्या इंजिनिअरनं विचारलं, कुणाची चूक? अप्पा म्हणाले, "आमच्याकडून झाली." मी नव्हतो तिथं. पण त्या "आमच्याकडून"मध्ये मला आत घेतलं होतं. हे मलप्पानं मला सांगितलं. अप्पांनी आजतागायत नाही.

पाऊस येईतो कारखाना बंद राहिला. माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला गेली, अप्पांना शिव्या दिल्या. अप्पांनी त्या ऐकून घेतल्या. खऱ्या तर त्या मला पडायला हव्या होत्या. अशा माणसाबरोबर काम करायला मिळालं, हे माझं भाग्य.

असो. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर सभेनं पोटात घालावं. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मालक, खुर्चीचा विचार तुम्ही पुन्हा करू शकता, माझी तक्रार राहणार नाही.

आणि अप्पा, त्या अकरा खांबांची माफी मी बारा वर्षांत तुमच्याकडं मागितली नाही. ती आज या सगळ्यांसमोर मागतो.