गेंडा कुणाला शोधतोय?

सहलीच्या बसचा ड्रायव्हर गेंड्याच्या कुंपणाला टेकून जांभया देत होता. शेजारच्या दोन मुलींचं बोलणं कानावर पडलं, तशी त्याची झोप उडाली.

“अगं, बाई हाका मारून थकल्या, तरी हा ढिम्म! तू आलीस नि लगेच धावत आला. काय जादू केलीस?”

“काही नाही गं.”

“बघ, जाळीतून तुझी बाहीच हुंगतोय. काय लावलंयस?”

“बाबांचा स्वेटर आहे. ते इथंच कामाला होते. याला चारा घालायचे.”

“शी! मग धुतला नाहीस?”

“आई धुवू देत नाही. वास जाईल म्हणते.”

“आणि आता तुझ्या मागे मान वळवून कुणाला शोधतोय?”

“बाबांना. त्याला अजून कुणी सांगितलंच नसेल.”