हेल्मेटवाला बातमीदार

निपाणी स्टँडवर मी कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होतो. टीव्हीवर परदेशातलं युद्ध चाललं होतं. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा भाऊ बोलत होते.

"आक्का, बघ की! बातमीदार हेल्मेट घालून उपडा पडलाय. जिवावर उदार हाय गडी."

"कल्लाप्पा, त्याच्या मागनं एक बाई भाजी घेऊन निवांत चाललीया रं."

"तू गप. बॉम्ब पडाय लागल्यात म्हणतोय त्यो."

"पडत्यात, पण नदीपल्याड, आपल्या अमरदीपच्या दवाखान्याकडं. माझं लेकरू तिथं नर्स हाय, मला ठावं न्हाय व्हय? सकाळधरनं फोन लागंना त्याचा."

"थांब, मी लावतो... लागला! बोल."

"अमर? बरा हायस न्हवं? जेवलास? ...कोण आलंय म्हणतोस?"

"काय म्हणतोय, आक्का?"

"ह्योच हेल्मेटवाला त्याच्यापुढं बसलाय. सारखं उपडं पडून कोपर खरचटलंय म्हणं. भाजलेल्या पोरांची रांग मोडून, आधी मलाच पट्टी बांधा म्हणतोय."

"आसं कसं? हितं तर थेट दाखवाय लागल्यात!"

"मग माझा अमरच खोटं बोलत असंल. तू बघ टीव्ही."