बाबा आल्याची गोळी

एकच धास्ती मला झोपू देत नव्हती: हे बदलीच्या गावी अन् इकडे ह्यांचा लाडका कुत्रा टिप्या दगावला तर? त्याची जखम चिघळली होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, पाच दिवस एक बी गोळी चुकवू नका, न्हाई तं दुखणं उलटंल." टिप्या गूळ चाटायचा, गोळी थुंकायचा. शेवटी मी ओरडले, "बाबा आले!" त्यानं आनंदानं जबडा उघडला अन् गोळी घशात गेली. मग रोज दोनदा तेच. चार वर्षांची सुमी आधी दाराकडं धावायची, पुढं उठेनाशी झाली.

टिप्या बरा झाला. आठव्या दिवशी हे खरंच दारात! मी ओरडले, "सुमे, बाबा आले!"

मान वर न करता ती म्हणाली, "आई, गोळ्या तं संपल्या नं?"