चार तासांचा जाळ

(दहाव्याची दुपार. माधवनगरमधलं घर. घाटावरून आलेली भावकी ओसरीवर बसली आहे. मागच्या परसात आई, मुलगी आणि मुलगा तिघंच.)

चंद्राबाई : "आधी जाळावर धर. केस जळूस्तोवर हलू नगंस. मग सुरीनं खरवड, गरम पाण्यानं धू, आलं ठेचून टाक. चार तास. घाई केलीस तर पायातलं पायातच ऱ्हातं बघ, चंद्रे." आसं सांगायचे तुझे आप्पा. शेवटच्या महिन्यात तर डोळं मिटून सांगायचे, पोथी वाचल्यागत.

संयोगिता : आई, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. निदान चहा तरी घे.

चंद्राबाई : चहा ऱ्हाऊ दे. गोठ्यातलं काळं पातेलं काढून दे मला.

जयराज : पातेलं कशाला आता?

चंद्राबाई : डुकराचं पाय शिजवायला.

जयराज : हळू बोल की! ओसरीवर सगळी बसल्यात. सुतकात घरात कुणी अंडं फोडत न्हाई, आन तू...

चंद्राबाई : घाटावर शबूद दिलाय मी.

जयराज : कुणाला?

चंद्राबाई : तुझ्या बापाला. न्हाईतर कावळा शिवला आसता व्हय?

संयोगिता : म्हणजे मघाशी पिंडापाशी वाकून तू पुटपुटलीस, ते हे?

चंद्राबाई : दोन तास बाभळीवर बसून हुता गं. ह्यो जयराज म्हनला, बहिणीला वाटा देतो. हालला न्हाई. दादासोभावजी म्हनले, बांधाचं भांडान सोडलं. मान वळवून बसला. मग भावजींनी बाटली आनून ठिवली.

जयराज : आप्पा कवा पीत हुते? ती काकांचीच हौस.

चंद्राबाई : भटजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला, तवा माझं काळीज हाललं. म्हनलं, "आवं, तुमचं सूप करते. खरं. माझ्या हातानं, मीठ चाखून. आज दिस मावळायच्या आत." दोन उड्यांत खाली आला.

जयराज : भूक लागली आसंल त्याला. ऊन किती हुतं.

संयोगिता : जयराज, गप बस.

जयराज : का गप बसू? सूप दिलं हुतं की त्यास्नी! होळीनंतर. मीच आनलं पाय.

चंद्राबाई : कशाचं आनलंस?

जयराज : ... बकऱ्याचं. तूच म्हनलीस, बकऱ्याचं आन, त्यास्नी काय कळतंय, तोंडाची चव गेलीय.

चंद्राबाई : व्हय. मीच म्हनलं. डाक्टर सांगत हुता, जे उतरंल ते घाला पोटात. मानूस तीनदा मागून दमला, आन मी ताटलीत खोटं वाढलं. आन वर म्हनलं, घ्या, तुमच्या नागालँडचं.

संयोगिता : डुकराचा विटाळ वाटला तुला. त्यात तुझं काय चुकलं? एवढे उपास, एवढी व्रतं...

चंद्राबाई : विटाळाचं नाव पुढं केलं, बाई. खरं कारण तुला सांगते, तू लेक हायस. तू पोटात हुतीस तवा त्यांची पलटन नागालँडात हुती, तिथं डोंगरात दरड पडली. अकरा दिस तुझ्या आप्पांचा, हवालदार नानासोंचा, पत्ता न्हाई. मी खंडोबाला बोलले, जित्ता धाड, जन्मात मांस तोंडात घालनार न्हाई. बाराव्या दिवशी तार आली.

संयोगिता : हे माहीत आहे मला.

चंद्राबाई : माघारी आले, पाय मोडल्याला. आन उंबऱ्यातच काय सांगावं? "चंद्रे, तिथल्या एका म्हातारीनं खोपीत घेतलं, डुकराच्या पायाचं सूप पाजलं, तिनं वाचवलं." मी अकरा दिस पान्यावर. माझं नावच न्हाई.

जयराज : एवढ्यासाठी?

चंद्राबाई : एवढंच. सदतीस वरसं. सणाला त्यांनी त्या म्हातारीचं नाव काढावं आन मी उठून दिव्यात तेल घालायला जावं. मला वाटायचं, ते सूप माझ्या चुलीवर शिजलं की तीच खरी ठरंल. माझं व्रत ग्येलं फुकट.

संयोगिता : आई, एक सांगू? सांगणार नव्हते मी.

चंद्राबाई : सांग.

संयोगिता : त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याहून आले, तेव्हा मला म्हणाले, "तुझ्या आईनं बकऱ्याचं दिलं. अळणी होतं. तिला काही बोलू नकोस. चार तास जाळ धरून बसली होती ती."

चंद्राबाई : वाटीत दोन घोट ठिवलं हुतं त्यांनी. मी म्हनलं, पोट भरलं आसंल.

जयराज : आई, आयक. तेरावा होऊ दे. मग मीच गुपचूप आनतो. कुपवाडला आमच्या कारखान्याच्या मागंच ती धोंडुबाई डुकरं पाळती. पर आज न्हाई. गेटवरची समदी मला वळखत्यात.

चंद्राबाई : तुला कुनी जा म्हनलंय?

जयराज : मग तू जानार? पांढऱ्या कपाळानं, दहाव्याच्या दिवशी, डुकराचं पाय मागायला? काका काय म्हनतील?

चंद्राबाई : म्हनू द्यात. बाटली ठिवताना त्यास्नी कुनी काय म्हनलं?

संयोगिता : आणि मीठ? तू चाखणार? तुझं खंडोबाचं बोलणं?

चंद्राबाई : ते जित्तं यावंत म्हनून बोलले हुते. आले की. देवानं त्याचं काम क्येलं. आता देवाशी माझं मी बोलीन. तुझ्या बापाशी बोलायला मला दुसरी जागा ऱ्हायली न्हाई.

जयराज : थांब. गाडी काढतो. लांबच्या रस्त्यानं सोडतो, तिकडनं कुनी बघत न्हाई.

चंद्राबाई : नगं. जवळच्या रस्त्यानंच जाते, चालत.

संयोगिता : मी येते बरोबर.

चंद्राबाई : तू चूल पेटव. मागचीच. ओसरीवरनं कुनी इचारलं तर खरं सांग. ती त्यांची हिरवी पिशवी कुठं हाय, मिल्ट्रीतली?

संयोगिता : खुंटीला. त्यात त्यांचा चष्मा आहे अजून.

चंद्राबाई : आसू दे त्यातच. धोंडुबाईनं कुनासाठी म्हनून इचारलं तर दाखवायला हुईल. लाकडं जास्तीची काढून ठेव, बाई. चार तास लागत्यात.