धुरांड्यातला जोडा

—नाही, नाही, उठू नका, साहेब. तो जोडा ठेवा टेबलावर आणि ऐका. आपल्या चर्चच्या घंटेची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा — म्हणजे एखादा इकडेतिकडे होईल, पबात बसून कोण अख्खं खरं बोलतं? तुम्ही बोललात? ‘गावात राहायला आलोय’ म्हणालात, आणि उगवता फक्त शनिवारी!

धुरांडं फोडताना सापडला म्हणे. म्हणे म्युझियमला देणार. कोणाला विचारून? कोष्ट्याचं घर तुम्ही घेतलंत, कबूल. तुमच्या जातभाईंनी धान्याचं जुनं कोठार घेतलं, तिथे आता लंडनवाल्यांची लग्नं लागतात. लोहाराच्या भट्टीत साबण विकतात — सुवासिक! घ्या, सगळं घ्या, पण जोडा नाही. का? धुरांडं म्हणजे घराचं एकच तोंड जे कधी मिटत नाही. नको ते तिथूनच आत शिरतं. म्हणून तिथे घरातल्या पोराचा वापरलेला जोडा ठेवायचा — येणारं त्यालाच पोर समजतं आणि तिथेच घुटमळतं. हा तीनशे वर्षांचा आहे. मागे एका पाद्र्याने काढला, तो तुमच्या परसातल्या विहिरीत पडून मेला — काय? विहीर नाही? मग तळ्यात. पाणी होतं एवढं नक्की. दुसऱ्या एकाने काढला, त्याची मेंढरं—

अहो, उलटा कशाला करताय? तळाला काय बघायचंय?

बरं. रबर. तीनशे वर्षांपूर्वी रबर नव्हतं, मलाही कळतं, हसू नका. पाद्रीबिद्री कोणी मेला नाही. घर तेव्हा आमच्याकडे भाड्याने होतं आणि जोडा आमच्या हेटीचा, शाळेचा. पाच वर्षांची होती — छातीत असा खोकला, की पोरगी निळी पडायची. डॉक्टरने हात टेकले, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला, आत येईना. मग मी, बर्नार्ड टकवेल, जो चर्चमध्ये फक्त सावलीला बसतो — मी विटा काढल्या, जोडा आत ठेवला, पुन्हा लिंपून टाकलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आणि पोरगी जगली. स्विंडनला बस चालवते आता, दोन पोरं आहेत, माझ्यासारखीच थापाडी. औषधाने जगली म्हणता? असेल. तुम्ही शिकलेले. पण तुम्ही शनिवारी जोडा काढलात आणि रविवारी तिचा फोन — बाबा, खोकला परत आलाय, तसाच. आता बोला! बोला की!

...चेहरा का उतरला? घाला तो कोट. जा, ठेवा होता तिथे, आणि विटा नीट लिंपा, नाहीतर मी येतो थापी घेऊन.

आणि हे बघा — ते फोनचं तेवढं खोटं होतं. फोन आलेला नाही.

अजून.

चला, निघा!