मुकुंदरावांचं आठकोनी टेबल

मायबाप मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. आसन मोठं, की आसनावर बसणारा मोठा?

बसणारा! अहो, किती पटकन सांगितलंत! कीर्तनात उत्तर फार लवकर सापडतं मंडळी. घरी गेल्यावर मात्र तेच हुडकावं लागतं. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. ऐका.

बार्शीत मुकुंदराव ढवळे म्हणून होते. शाळेत चित्रकला शिकवायचे. हात इतका नेमका, की फळ्यावर नुसत्या खडूनं वर्तुळ काढलं तर कंपासला लाज वाटावी. निवृत्त झाले आणि संध्याकाळी ओसरीत पत्त्यांचा डाव बसू लागला. स्वतः मुकुंदराव, किराणा दुकानदार गजाननशेट, बँकेतले कुलकर्णी, आणि लहानपणापासूनचे दोस्त दामूअण्णा पाटसकर. हे दवाखान्यात कंपाउंडर होते. अर्ध्या गावाला त्यांनी सुई टोचलेली, त्यामुळे अर्धं गाव त्यांना बघून अजून कमरेवर हात ठेवतं!

आधी रमी चालायची. मग दिवाळीला मुकुंदरावांचे जावई आले आणि त्यांनी पोकर शिकवला. थांबा, थांबा. पुढच्या रांगेतल्या आजी माझ्याकडे बघायला लागल्या. आजी, पैसे नव्हते हो! चिंचोक्यांवर खेळायचे. या खेळाची गोम अशी, की हातात काही नसलं तरी तोंडावर सगळं आहे असं दाखवायचं आणि समोरच्याला पळवून लावायचं. म्हणजे थाप मारायची. आणि या विद्येत दामूअण्णांचा हात धरणारा कोणी नव्हता. जन्मभर 'दुखणार नाही, दुखणार नाही' म्हणत सुया टोचलेला माणूस तो!

तर जावयांनी फोनवर खऱ्या पोकरच्या टेबलाचं चित्र दाखवलं. आठ कोन, वर हिरवंगार कापड, कडेनं गुबगुबीत काठ. झालं! मुकुंदरावांच्या डोळ्यांत ते टेबल जाऊन बसलं. म्हणाले, असं टेबल मी घरी बनवणार, आणि ते होईपर्यंत डाव बंद. एवढ्या सुंदर टेबलाची तयारी चालू असताना सतरंजीवर कोण खेळणार?

पुढच्या खोलीत काम सुरू झालं. प्लायवूड आलं, करवत आली, रंधा आला. इंदूताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भुसा झाडून झाडून दमल्या. कापडाखाली पातळ फोम, काठावर मरून रंगाचं रेक्झीन, पेला ठेवायला काठात बसवलेल्या पितळी वाट्या. एक कोन केसभर चुकला म्हणून मुकुंदरावांनी अख्खी फळी बदलली. उन्हाळा असा सरला.

त्याच उन्हाळ्यात दामूअण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पायही सावरला. उजवा हात मात्र लुळा पडला. मुकुंदराव दवाखान्यात भेटायला गेले. जाणारच, जिवलग मित्र! खाटेशेजारी बसले, आणि रेक्झीन मरून घ्यावं की काळं, यावर बराच वेळ बोलून आले.

हसू नका मंडळी. आजाऱ्याला भेटायला जाऊन आपण काय बोलतो, ते आठवा जरा.

टेबल झालं. खरोखर देखणं झालं. इंदूताईंनी हळद-कुंकू वाहिलं. एकच अडचण आली, टेबल खोलीच्या दारातून बाहेर निघेना! मग ओसरीवरचा डाव खोलीत आला. चौघं बसले. मुकुंदरावांनी आधी सगळ्यांना हात धुवायला लावले. काठावर कोपर टेकायचं नाही, पेला वाटीतच ठेवायचा. गजाननशेट म्हणाले, मुकुंदराव, आता हजेरीपण घ्या.

पत्ते वाटले. प्रत्येकाला पाच. आता बघा, पाच पत्ते हातात धरायचे, चिंचोके पुढं सारायचे, पत्ता बदलायचा, याला दोन हात लागतात. दामूअण्णांना एकच. त्यांनी पत्ते छातीशी धरून पाहिले, मांडीवर ठेवून पाहिले. घसरले, उताणे पडले, सगळ्यांना दिसले. ते गोळा करायला डावा हात घाईनं पुढं गेला, पेल्याला लागला, आणि अख्खा चहा त्या हिरव्या कापडावर!

मुकुंदरावांच्या तोंडून निघून गेलं, "अरे दामू, कापड!"

बस, एवढंच. शिवी नाही, राग नाही. दामूअण्णा हसले, धोतराच्या सोग्यानं टेबल पुसलं, तो डाव पुरा केला आणि काठी टेकत घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. निरोप आला, गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या दिवशीही गुडघाच.

मुकुंदराव टेबलावर वाकून लिंबानं डाग घासत होते. इंदूताई दारात उभ्या राहिल्या. त्या एरवी टेबलाबद्दल एक शब्द बोलत नसत.

"अहो, तो चहा आधी त्यांच्या हातावर सांडला होता. गरम होता."

मुकुंदरावांच्या हातातलं लिंबू तसंच राहिलं. मित्राचा हात भाजला का, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्याचे डोळे केसभर चूक पकडायचे, त्या माणसाला समोरचा हात दिसला नव्हता.

चपला घातल्या आणि निघाले. दामूअण्णा अंगणात बसले होते, डाव्या मनगटावर मलम लावलेलं. गुडघा अगदी ठणठणीत! मुकुंदराव शेजारी टेकले. म्हणाले, दामू, चुकलं माझं. दामूअण्णांनी हात हलवला.

"चहाचं सोड रे मुकुंदा. माझे पत्ते सगळ्यांना दिसतात. मग मी थाप कशी मारू? तुम्ही खेळा. मी आपला मधूनमधून बघायला येत जाईन."

मंडळी, माणूस घर सोडून जातो तेव्हा दार वाजतं. मैत्रीतून उठून जातो तेव्हा असं हळूच म्हणतो, 'तुम्ही चालू द्या.'

मुकुंदराव घरी आले. भर दुपारी टेबलासमोर उभे राहिले. मरून काठावर हात फिरवला. आणि मग पटाशी घेतली. इंदूताई बघतच राहिल्या. त्यांनी रेक्झीन फाडलं, फोम उपसला, आणि एका बैठकीपुढं काठाच्या लाकडात लांबट, वळणदार खाच कोरायला बसले. पत्ते उभे करून पाहिले; शेजारच्या जागेवरून दिसत होते. खाच तिरकी केली. खोल केली. पुन्हा समोर बसून, एक हात पाठीमागं धरून पत्ते लावून पाहिले. ते देखणं टेबल एका बाजूनं उंदरानं कुरतडल्यासारखं झालं. पण पत्ते ताठ उभे राहिले, आणि बसणाऱ्याशिवाय कोणाला दिसेनात.

संध्याकाळी दामूअण्णांना हाताला धरून आणलं. ते बसले. खाच पाहिली. तिच्यावरून बोट फिरवलं. एकेक करत पाचही पत्ते उभे केले, आणि तोंडावर ती जुनी शांतता आली, सुई टोचायच्या आधीची!

डाव रंगला. गजाननशेटनी पत्ते टाकले, कुलकर्ण्यांनी टाकले. मुकुंदरावांच्या हातात तीन राण्या होत्या. दामूअण्णांनी डाव्या हातानं आपले सगळे चिंचोके पुढं लोटले आणि छताकडे बघत बसले. मुकुंदरावांनी पुष्कळ विचार केला. हा एवढा निवांत आहे, म्हणजे नक्की मोठं पान आहे. राण्या पालथ्या टाकून डाव सोडला. दामूअण्णांनी खाचेतले पत्ते उलटे केले. दुर्री, पंजी, सत्ती, नव्वी, गुलाम. एकाचा एकाशी संबंध नाही!

मुकुंदराव इतके हसले, इतके हसले, की इंदूताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. हरलेला माणूस डोळे पुसत हसतोय, असं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आणि गंमत ऐका, पुढच्या आठवड्यात गजाननशेट म्हणाले, मलाही तशी खाच पाडून द्या, बोटं आखडतात हो हल्ली. मग कुलकर्णी म्हणाले, मलाही!

आता मंडळी, तुमच्याकडे येतो. सुटाल असं वाटलं काय? तुमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालंय का? कपाटातल्या त्या चांगल्या कपबशा कोणत्या पाहुण्याची वाट बघतायत? लग्नाच्या पंगतीत ज्या आत्याला खाली बसता येत नाही, तिच्यासाठी खुर्ची कोणी आणली? घर सुंदर करा, जरूर करा. पण त्यात कोणासाठी पटाशी चालवलीत, एवढंच देव विचारणार आहे.

आणि हो, ते मागं खांबाला टेकलेले आजोबा! मघापासून बघतोय, कानाला हात लावून ऐकताय. पाय चिखलाचे आहेत म्हणून मागं बसलात ना? या, असे पुढं या, या पांढऱ्या चादरीवर. मंडळी, सरका थोडं, वाट द्या. चादर उद्या धुता येईल.

बसलात? ऐकू येतंय आता? मग धरा टाळ, आणि घ्या देवाचं नाव!